नाशकातल्या गल्ल्या आणि मेंदूतला नकाशा: रस्ता सापडतो म्हणजे नेमकं काय होतं?

● गोदाकाठ

'जुनं नाशिक पायी' या धाग्यावर मागे दोन-तीन जणांनी लिहिलं की काही माणसांना दिशेचं अंगच नसतं, ते जन्मजात असतं, शिकून येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि मेंदूचा हा कोपरा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. तिथे चार ओळींत उरकण्यापेक्षा म्हटलं वेगळा धागाच काढावा.

आधी थोडा इतिहास. पूर्वी असं मानलं जायचं की उंदीर भूलभुलैयातून वाट काढतो ती वळणं पाठ करून. डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे, की आला खाऊ. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांना हे पुरेसं वाटेना. त्यांनी उंदरांना एका आडवळणाच्या वाटेनं खाऊपर्यंत जायला शिकवलं, मग ती वाट बंद केली आणि तिच्या जागी वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या कितीतरी नव्या वाटा उघडल्या. पाठ केलेली वळणं आता कुचकामी. तरीही बऱ्याच उंदरांनी खाऊ ज्या दिशेला होता तिकडे जाणारी वाट धरली. १९४८ च्या लेखात टोलमन यांनी लिहिलं की उंदराच्या डोक्यात वळणांची यादी नसते, परिसराचा नकाशा असतो. त्या काळी हे फार लोकांना रुचलं नव्हतं.

हा नकाशा मेंदूत कुठे, याचा पहिला धागा लंडनमध्ये सापडला. १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या, आठवणींशी जोडलेल्या भागात, केसाहून बारीक तारा घालून एकेका पेशीचे विद्युत्-संकेत टिपले. एक पेशी एरवी गप्प असायची आणि उंदीर एका ठरावीक जागी पोचला की सुरू व्हायची. दुसरी पेशी दुसऱ्या जागी. मोकळ्या पेटीत उंदराचं तोंड कुठे आहे याच्याशी या पेशींना फारसं देणंघेणं नसतं, 'मी इथे आहे' एवढंच त्या सांगतात. यांना स्थान-पेशी म्हणू. उंदराला वेगळ्या खोलीत नेलं की त्याच पेशी नव्यानं वाटून घेतल्या जातात, म्हणजे प्रत्येक जागेचा नकाशा स्वतंत्र.

पण 'इथे' कळून भागत नाही, तोंड कुठे आहे तेही कळावं लागतं. ती दिशा-पेशी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये जेम्स रँक यांनी १९८४ मध्ये पहिल्यांदा दाखवली. डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की ही पेशी जोरात चालते, मग उंदीर खोलीत कुठेही असो. चुंबकत्वाचा इथे संबंध नाही. भिंतीवरचं ठळक खुणेचं पुठ्ठं सरकवलं की या पेशींची दिशाही तेवढीच सरकते, आणि सगळ्या एकदम, एकमेकींतलं अंतर राखून.

मग २००५. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये मे-ब्रिट मोझर, एडवर्ड मोझर आणि त्यांचे विद्यार्थी हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये पेशी तपासत होते. तिथली एकच पेशी पेटीत अनेक जागी चालू होत होती. उंदराला मोठ्या पेटीत फिरवलं तेव्हा त्या जागांची मांडणी समोर आली: समभुज त्रिकोणांची अखंड जाळी. आपण अंगणात एकाआड एक ठिपके देऊन रांगोळी मांडतो ना, तीच मांडणी. खोलीत, जमिनीवर असं काहीही आखलेलं नाही, ही जाळी मेंदू स्वतः आखतो. काही पेशींची जाळी दाट, काहींची विरळ. त्यांना जाळी-पेशी म्हणतात. पुढे २००८ मध्ये भिंतीपाशी, कडेपाशी चालू होणाऱ्या सीमा-पेशी आणि २०१५ मध्ये चालण्याच्या वेगाबरोबर कमीजास्त होणाऱ्या वेग-पेशीही तिथेच सापडल्या. २०१४ चं वैद्यकातलं नोबेल निम्मं ओकीफना आणि निम्मं मोझर दांपत्याला मिळालं ते याच कामासाठी.

आता माझा मुद्दा. ही सगळी यंत्रणा स्वतःच्या हालचालीवर पोसली जाते. पाय किती पडले, मान किती वळली, आतल्या कानानं किती गिरकी मोजली, हे सगळं तिला लागतं. २००५ च्या एका प्रयोगात उंदरांना तीच वाट एकदा स्वतः चालायला लावली आणि एकदा छोट्या गाडीत बसवून नेलं. गाडीतून जाताना स्थान-पेशींच्या जागा पसरट आणि अस्पष्ट झाल्या. २०१५ मध्ये दुसऱ्या गटानं उंदरांना हातगाडीवर बसवून फिरवलं तेव्हा जाळी-पेशींची जाळीच विस्कटली. दिशेचं अंग 'नसलेली' बरीचशी माणसं कायम कुणाच्या तरी मागे बसून फिरलेली आहेत, असा माझा ठाम अंदाज आहे. व्हॅनकाका सोडतात, बाबा आणतात, बारावीपर्यंत पोराला कुठलंच वळण स्वतः घ्यावं लागत नाही. त्याला भद्रकालीतून गंगेवर (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) एकटं पाठवा आणि बघा.

तुमचे अनुभव लिहा. जुन्या गावात वाढलेल्यांनी तर लिहाच.

● तिवंधा

गोदाकाठताई, फार सुंदर लिहिलंय. आमच्या सात पिढ्या जुन्या गावातल्या, तर सांगतो.

आम्ही लहानपणी रस्त्यांची नावं शिकलोच नाही. आम्हाला उतार कळायचा. जुनं नाशिक टेकाडांवर वसलंय आणि कुठल्याही बोळात उभे राहिलात तरी पाय सांगतात की नदी कुठल्या अंगाला. पावसाळ्यात तर पाणीच वाट दाखवायचं, वाहतंय तिकडे गंगा. दुसरं म्हणजे आवाज. तांबट लेनजवळ आलं की हातोडीचा ठोका ऐकू यायचा. तांब्याच्या हंड्यावरचा ठोका आणि पितळेच्या परातीवरचा ठोका वेगळा वाजतो, पोरांना तो ओळखू यायचा. सराफ बाजाराकडून आलात तर ठोका समोरून येणार, भद्रकालीकडून आलात तर बाजूनं. गल्ली इतकी अरुंद की वर बघितलं तर दोन वाड्यांच्या मधली आभाळाची पट्टी दिसायची, सूर्य कुठे आहे ते काही कळायचं नाही. तरी आम्ही कधी हरवलो नाही.

माझा प्रश्न: डोळ्यांना खूण दिसली नाही तरी या पेशी चालतात का?

● गोदाकाठ

>> डोळ्यांना खूण दिसली नाही तरी

चालतात. दिवे घालवले तरी स्थान-पेशी बराच काळ आपापल्या जागी चालू राहतात, कारण मघाशी म्हटलं तसं पावलांचा आणि वळणांचा हिशोब आत सुरूच असतो. शिवाय वास, स्पर्श, आवाज हेही त्या वापरतात.

उताराचं तर तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. सपाट खोलीत आणि तिरप्या खोलीत दिशा ओळखण्याचे प्रयोग कबुतरांवर आणि माणसांवर झाले आहेत. उतार ही भक्कम खूण ठरते, कारण ती डोळे मिटले तरी घोट्याला आणि पोटरीला कळते आणि सगळ्या परिसरभर एकच असते. दुकानाची पाटी बदलते, उतार बदलत नाही.

● सिडकोकर

वाचतोय, मस्त धागा. आमचं उलटं. सिडकोत एकसारखी घरं, एकसारख्या गल्ल्या, कोपऱ्यावर तसंच किराणा दुकान. पाहुणे हमखास शेजारच्या गल्लीत जाऊन तिसऱ्या घराची बेल वाजवतात. रस्ते सरळ असूनही माणूस का चुकतो?

● गोदाकाठ

सिडकोकर, तुमच्या प्रश्नावर अगदी थेट प्रयोग आहे. २०१५ मध्ये लंडनच्या गटानं एका मार्गिकेला लागून चार अगदी सारख्या खोल्या शेजारी शेजारी ठेवल्या, सगळ्यांची दारं एकाच बाजूला. स्थान-पेशींनी चारही खोल्यांत तीच जागा पुन्हा पुन्हा दाखवली. पहिल्या खोलीच्या कोपऱ्यात चालणारी पेशी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खोलीच्याही त्याच कोपऱ्यात चालली. पेशींच्या लेखी चारही खोल्या जवळपास एकच.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गटानं तशाच खोल्या समांतर न ठेवता एकमेकींशी कोन करून ठेवल्या. आता पेशींनी खोल्या वेगळ्या ओळखल्या, आणि 'खाऊ कुठल्या खोलीत' हे उंदीर समांतर मांडणीपेक्षा खूप लवकर शिकले. कारण दिशा-पेशी मदतीला आल्या. प्रत्येक खोलीत शिरताना तोंड वेगळ्या दिशेला होतं.

म्हणजे तुमच्या पाहुण्यांचं काही चुकत नाही. समांतर, एकाच बाजूला तोंड असलेल्या गल्ल्या मेंदूला वेगळ्या करायला जडच जातात. गल्लीच्या तोंडाशी एक वेगळं झाड किंवा वेगळ्या रंगाची भिंत असली की बराच फरक पडतो. नवीन कॉलन्यांचे आराखडे करणाऱ्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

यालाच लागून: २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये मोठा अभ्यास आला. मोबाइलवरच्या एका खेळात होडी चालवत वाट शोधायची, तो ३८ देशांतल्या सुमारे चार लाख लोकांनी खेळला. लहानपण शहराबाहेर गेलेले लोक सरासरीनं वाट शोधण्यात सरस निघाले. शहरातल्यांपैकी शिकागोसारख्या चौकटीच्या आखणीच्या शहरात वाढलेले मागे पडले, प्राग शहरासारख्या वाकड्यातिकड्या रस्त्यांत वाढलेले तेवढे मागे पडले नाहीत. तिवंधा, तुमच्या बोळांनी तुम्हाला बरंच काही दिलंय.

● सह्यवेडा

+१. आता चकव्याबद्दल कुणीतरी बोला. ब्रह्मगिरीच्या फेरीत आणि पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर हा विषय निघतोच. धुकं असं उतरतं की हातभर लांबचं दिसत नाही. माणसं सरळ चालतोय समजून चालतात आणि फिरून त्याच कातळापाशी येतात. गावातले म्हणतात चकवा लागला, थांबा, बसा, पाणी प्या, धुकं विरलं की निघा. मी भुताखेतावर विश्वास ठेवणारा नाही, पण हे घडताना पाहिलंय. अनुभवी, नेहमी डोंगरात फिरणाऱ्या लोकांच्या बाबतीत.

● गोदाकाठ

सह्यवेडा, या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

२००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हे नीट मोजलं. लोकांना जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं, सांगितलं की सरळ चालत राहा, आणि जीपीएसनं त्यांची वाट नोंदवली. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं होतं तेव्हा जंगलातली माणसं गोल गोल फिरली आणि स्वतःचीच वाट ओलांडून पुढे गेली, त्यांना ते कळलंही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून चालवलं तेव्हा काहींचं वर्तुळ वीस मीटरच्या आतबाहेर होतं. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एकाच बाजूला वळतो असं पूर्वी सांगितलं जायचं. तेही यात टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे.

का होतं हे? पावलांच्या आणि वळणांच्या हिशोबात दर वळणाला बारीकशी चूक असते. ती पुढच्या चुकीत मिळते आणि साचत जाते. एरवी लांबचा डोंगर, झाड, सूर्य दिसला की मेंदू दिशा-पेशी पुन्हा जागेवर आणतो आणि साचलेली चूक पुसली जाते. धुक्यात पुसायला काही मिळत नाही. 'सरळ' कुठे, हे आतूनच हळूहळू फिरत जातं आणि माणूस त्या फिरलेल्या सरळ रेषेवर मनोभावे चालत राहतो.

या हिशोबाचा एक फार देखणा प्रयोग १९८० चा आहे. मिटेलश्टेट दांपत्यानं जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर केला. आई अंधारात वेडीवाकडी फिरत हरवलेलं पिल्लू शोधते, आणि सापडलं की त्याला तोंडात धरून थेट घरट्याकडे येते, आलेल्या वाटेनं नाही. पण ती पिल्लापाशी असताना खालची जागा इतकी हळू फिरवली की तिच्या आतल्या कानाला कळणार नाही, तर ती तेवढ्याच कोनानं चुकीच्या बाजूला जाते. जोरात फिरवली तर आतल्या कानाला कळतं, आणि ती चुकत नाही.

गावकऱ्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. धुक्यात थांबायचं. चालत राहिलात की चूक वाढतच जाते.

● सह्यवेडा

हे आमच्या ग्रुपवर टाकतो. 'थोडं पुढे जाऊन बघू' म्हणणाऱ्यांना दाखवायला हवं.

● मीटरडाऊन

नमस्कार ताई. मी रिक्षा चालवतो, सीबीएस ते पंचवटी जास्त. हल्ली गिऱ्हाईक बसलं की पहिला मोबाइल पुढे करतं, मॅप लावा म्हणतं. मी म्हणतो साहेब, मॅपला दहीपुलावरची मंगळवारची गर्दी माहीत नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा मेंदू मोठा असतो असं ऐकलंय, खरं आहे का?

● गोदाकाठ

दादा, खरं आहे, आणि ते काम फार नेटकं झालंय.

लंडनला काळी टॅक्सी चालवायचा परवाना हवा तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि हजारो ठिकाणं तोंडपाठ लागतात. तयारीला तीन-चार वर्षं जातात. २००० मध्ये एलेनॉर मॅग्वायर यांनी या चालकांच्या मेंदूचे स्कॅन काढले. हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. पुढचा भाग मात्र लहान निघाला.

लगेच शंका आली की दिवसभर गाडी चालवण्याचा, ताणाचा हा परिणाम असेल. म्हणून २००६ मध्ये त्यांनी लंडनच्याच बसचालकांशी तुलना केली. तेही दिवसभर त्याच रहदारीत, पण ठरलेल्या मार्गावर. वाढ टॅक्सीवाल्यांतच दिसली. मग दुसरी शंका: मुळातच मोठा हिप्पोकॅम्पस असलेली माणसं या धंद्यात येत असतील. म्हणून परीक्षेच्या तयारीला बसलेल्या ७९ जणांचे स्कॅन आधी काढून ठेवले. त्यांतले ३९ जण पास झाले. २०११ च्या या अभ्यासात पास झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस तयारीच्या काळात वाढलेला दिसला. नापास झालेल्यांचा आणि परीक्षेला न बसलेल्यांचा नाही. सुरुवातीला मात्र सगळे सारखेच होते. दिशेचं अंग जन्मजात म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास दाखवते.

मोबाइलबद्दलही तुमचं म्हणणं योग्य आहे. २०१७ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून लंडनच्या सोहो भागातून चित्रफितीद्वारे फिरवलं. स्वतः वाट ठरवताना, नव्या रस्त्यात शिरलं आणि पुढे फाटे जास्त असले की हिप्पोकॅम्पस जोरात कामाला लागायचा. यंत्राचा बाण बघून जाताना तसं काही झालं नाही. बाण वळायला सांगतो, आपण वळतो. नकाशा मोबाइलमध्येच राहतो.

● रविवार_कारंजा

एक शंका. मी रोज सातपूरला कामावर जातो आणि कधी पोचलो ते कळतही नाही, डोक्यात भलतेच विचार असतात. मग तेव्हा हा नकाशा वापरतोय का?

● गोदाकाठ

बहुधा नाही. तेव्हा गाडी दुसऱ्याच भागाच्या ताब्यात असते, कॉडेट नावाच्या. तो सवयीची वळणं सांभाळतो: ही खूण आली की डावीकडे.

१९९६ चा पॅकार्ड आणि मॅकगॉ यांचा प्रयोग सांगते. उंदरांना अधिकच्या चिन्हाच्या आकाराच्या वाटेवर खाऊ शोधायला शिकवलं. आठव्या दिवशी त्यांना उलट बाजूनं सोडलं, तर बहुतेक त्याच जागेकडे गेले, म्हणजे नकाशावर चालले. सोळाव्या दिवशी तसंच केलं तर नेहमीचंच वळण घेऊन भलत्या ठिकाणी गेले, म्हणजे सवयीवर चालले. आणि मला सगळ्यात आवडणारा भाग: त्या सोळाव्या दिवशी कॉडेट तात्पुरता बधिर केला तर उंदीर पुन्हा बरोबर जागेकडे गेले. नकाशा पुसला गेलाच नव्हता, सवयीनं तो फक्त मागे सारला होता.

म्हणूनच सातपूरचा रस्ता खोदून ठेवला की आपण आधी भांबावतो, आणि मग दोन मिनिटांत पर्याय सुचतो.

● शालीमार

बाकी सगळं ठीक, पण बायकांना रस्ते कळत नाहीत हे तर सगळेच मान्य करतील ना?

● अबोली

मी नाही करणार. मी दहा वर्षांची असताना भाऊ सायकलवर गंगापूर धरणापर्यंत जायचा आणि मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायलाही सोबत लागायची. मग कुणाला रस्ते जास्त कळणार?

● गोदाकाठ

अबोलीच्या बाजूनं पुरावा आहे. त्याच होडीच्या खेळाच्या आधीच्या, २०१८ च्या विश्लेषणात पुरुषांचे गुण सरासरीनं जास्त आले, पण हा फरक देशागणिक बदलत होता. जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त तिथे फरक कमी. फरक सगळा मेंदूच्या घडणीतून आला असता तर देशाप्रमाणे असा हलला नसता. मुलींना एकटं फिरू दिलं जात नाही आणि मग त्यांना रस्ते कळत नाहीत असं म्हटलं जातं, हे मला फार खटकतं.

● अबोली

धन्यवाद ताई. आता जरा वेगळं विचारते. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून पंचवटीत राहतात. गेल्या महिन्यात काळाराम मंदिरातून घरी येताना त्या सीता गुंफेपाशी थांबून राहिल्या, कुठल्या बाजूला जायचं ते सुचेना. ओळखीच्या फुलवाल्यानं घरी आणून सोडलं. बाकी सगळं आठवतं, नातवंडांचे वाढदिवस, भाजीचे भाव. घरचे म्हणतात वय झालं, चालायचंच. मला काळजी वाटते.

● रात्रपाळी

अबोली, मी डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'चालायचंच' म्हणून सोडू नका.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत जे गुंते होतात ते सगळ्यात आधी एन्टोरायनल कॉर्टेक्स आणि त्याच्या लगतच्या भागात दिसतात. जर्मनीतल्या ब्राक दांपत्यानं १९९१ मध्ये या टप्प्यांचं वर्णन केलं, आणि आजही तेच वापरलं जातं. ताईंनी वर लिहिलेल्या जाळी-पेशी याच भागात असतात. त्यामुळे नावं, वाढदिवस, हिशोब शाबूत असतानाही ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं हे सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असू शकतं.

'असू शकतं' हे मुद्दाम म्हणतोय. एकदा गोंधळ झाला म्हणजे अल्झायमर असं नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, शरीरातलं सोडियम उतरणं, लघवीच्या मार्गातला संसर्ग, झोपेच्या गोळ्या, डोळ्यातला मोतीबिंदू, ऐकू कमी येणं, यांतल्या कशानंही हे होतं आणि यांतलं बरंचसं बरं होतं. म्हणूनच तपासणी लवकर हवी. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना कुठे, किती वाजता, किती वेळ गोंधळल्या, त्या दिवशी कुठली औषधं चालू होती, हे लिहून न्या. अचानक गोंधळ होऊन बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला तर वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.

आणि त्यांचं मंदिरात जाणं बंद करू नका. सोबत जा, पण पुढे त्यांना चालू द्या. फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पिशवीत आणि ब्लाउजच्या खिशात, दोन्हीकडे ठेवा.

● अबोली

डॉक्टर, खूप आभार. सोमवारी अपॉइंटमेंट घेते. औषधांची यादी आजच करते.

● तिवंधा

अबोलीताई, काळजी घ्या. फुलवाल्यालाही नंबर देऊन ठेवा. मंदिराच्या परिसरातले लोक सगळ्यांना ओळखतात, फोन लगेच येईल.

● निशाचर

उंदीर जमिनीवर फिरतो. उडणाऱ्याचं काय? वटवाघूळही सस्तनच की.

● गोदाकाठ

वा, प्रश्न आवडला. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतले नाहुम उलानोव्हस्की यांचं आयुष्यभराचं काम याच विषयावर आहे. फळं खाणाऱ्या इजिप्शियन वटवाघळांच्या डोक्यावर बिनतारी यंत्र बसवून त्यांनी उडताना पेशी टिपल्या. २०१३ मध्ये दाखवलं की वटवाघळाची स्थान-पेशी जमिनीवरच्या ठिपक्यापुरती नसते, हवेतल्या एका गोळ्यात चालू होते. म्हणजे उंचीसकट 'इथे'. मग त्यांनी दोनशे मीटर लांबीचा बोगदा बांधला, कारण खरा प्राणी काही टेबलाएवढ्या पेटीत जगत नाही. २०२१ मध्ये दिसलं की तिथे एकाच पेशीला अनेक जागा असतात, काही मीटरभराच्या, काही कित्येक मीटर पसरलेल्या. छोट्या पेटीत हे कधीच दिसलं नसतं. मला त्यांचं हे काम विशेष भावतं, कारण प्राणी जसा जगतो तशा जागेत त्याला बघायचा आग्रह त्यात आहे.

● सिडकोकर

मुलांचं काय? माझी मुलगी चार वर्षांची आहे. कधीपासून चालायला, वाट ठरवायला लावायचं?

● गोदाकाठ

उंदरांच्या पिल्लांत २०१० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे पाहिलं. बिळातून पहिल्यांदा बाहेर पडायच्या सुमाराला दिशा-पेशी जवळपास तयार असतात, स्थान-पेशी काम करू लागलेल्या असतात पण अजून घडत असतात, आणि जाळी-पेशी सगळ्यांत शेवटी येतात. म्हणजे पाया जन्माबरोबर येतो आणि बाकीचं फिरता फिरता पक्कं होतं. माणसाच्या मुलांचं वेळापत्रक उंदरांवरून सांगता येणार नाही, पण चार वर्षांच्या मुलीला बोट धरून चालताना 'आता कुठे वळायचं?' एवढं रोज विचारा. चुकीचं वळण सांगितलं तर घ्या ते वळण. आणि घरी आल्यावर तिला झोपू द्या. दिवसा चाललेल्या वाटेवरच्या स्थान-पेशी झोपेत पुन्हा एकत्र चालू होतात, हे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांत दाखवलंय.

● रात्रपाळी

सिंहस्थासाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय, म्हणून विचारतो. २०१५ ला रामकुंडाजवळ हरवलेल्या माणसांची ध्वनिक्षेपकावरची पुकारणी दिवसभर थांबत नव्हती. २०२७ ला या सगळ्याचा काही उपयोग करता येईल का?

● गोदाकाठ

नक्की येईल. बाहेरून येणारा माणूस रामकुंडावर का गोंधळतो ते बघा. गोदावरी त्र्यंबकपासून पूर्वेकडे वाहते, हे त्याला माहीत असतं किंवा गंगापूर रोडनं येताना दिसतं. म्हणजे त्याच्या डोक्यात 'नदीपलीकडे उत्तर'. आणि रामकुंडापाशी नदी दक्षिणवाहिनी होते. आता पलीकडचा काठ पूर्वेला, पण डोक्यातली दिशा तशीच. त्यावर गर्दी इतकी की उंच खूण दिसत नाही, पावलं स्वतःच्या मनानं पडत नाहीत, लोंढा ढकलतो. स्वतःच्या चालीचा हिशोब गेला, लांबची खूणही गेली. धुक्यातल्या पठाराहून ही अवस्था वेगळी नाही.

म्हणून मला वाटतं, डोक्याच्या उंचीवरच्या बाणांच्या पाट्यांपेक्षा लांबून दिसणारे मोजकेच उंच, वेगवेगळ्या रंगांचे आणि आकारांचे स्तंभ हवेत. प्रत्येक घाटाला वेगळा. सारख्या कमानी ओळीनं उभ्या केल्या तर सिडकोकरांच्या पाहुण्यांसारखी गत होईल. आणि भाविकाला सांगावं, 'हरवलात तर लाल स्तंभाखाली उभे राहा, हलू नका.' एकाच जागी थांबणारा माणूस लवकर सापडतो.

● मीटरडाऊन

ताई, आम्हा रिक्षावाल्यांनाही कुणीतरी विचारावं. कुठून माणूस भांबावतो ते आम्हाला चांगलं माहीत आहे. मालेगाव स्टँडवरून उतरला की हमखास.

● रात्रपाळी

हे बैठकीत मांडतो. मीटरडाऊन, तुम्ही याल का बैठकीला? निरोप पाठवतो.

● मीटरडाऊन

येतो की. दुपारी ठेवा, सकाळी शाळेच्या पोरांच्या फेऱ्या असतात.

● तिवंधा

मग रविवारी जुन्या गावात चक्कर होऊन जाऊ दे. सकाळी सातला सरकारवाड्यापाशी. मोबाइल खिशात ठेवायचे. सराफ बाजार, दहीपूल, तिवंधा, तांबट लेन, भद्रकाली, आणि शेवट गंगेवर. वाट मी सांगणार नाही, प्रत्येक चौकात नवा माणूस पुढे होईल.

● गोदाकाठ

मी येतेय, विद्यार्थ्यांनाही आणते. एक भर घालते. प्रयोगशाळेत माणसाचा नकाशा किती पक्का ते असं बघतात: प्रत्येक चौकात सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि रामकुंड ज्या बाजूला वाटतं तिकडे हात करायचा. मग डोळे उघडून बघायचं, कोण किती चुकलं. मी कोन मोजून लिहून ठेवीन, पहिल्या चौकापासून शेवटच्या चौकापर्यंत. लहान मुलांना जरूर आणा, सिडकोकर, तुमच्या मुलीलाही.

● सिडकोकर

आणतो. तिला पुढे चालू द्यायचं ना?

● गोदाकाठ

दुसऱ्या चौकापासून तिचीच पाळी.